मैत्रिणीनं पुस्तक लिहिलंय, आता लोकांना सांगायचं कसं?

माझ्या एका मैत्रिणीच्या कादंबरीत पान ९६ नंतर ९७ येत होतं, ११२ पर्यंत सगळं नीट जात होतं, आणि मग पुन्हा ९७. दुसऱ्यांदा ११२ संपलं की थेट १२९. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा, बांधणीत दोनदा गेला होता आणि पुढचा गायब होता. अशा किती प्रती निघाल्या ते कधी कळलं नाही. पण पुस्तक आल्यावर महिनाभरात आमच्या ग्रुपवर चाळीसेक जणांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्यातल्या एकानंही हे सांगितलं नाही. त्या चाळिसांत मी होते. मी तर नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दोघींना ते पुस्तक घ्यायलाही लावलं होतं.

चूक सापडली ती शेजारच्या काकूंना. काकू निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्या उचलता उचलता म्हणाल्या, "काय वं, तुह्या मैत्रिणीनं मधली सोळा पानं खाल्ली काय?"

घरी येऊन मी माझी प्रत उघडली. खूण सत्तराव्या पानावर होती.

मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे कुणीच वाचलं नाही ना गं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ऑनलाइन ओळखीतल्या कुणाचं पुस्तक आलं की मी ठरावीक क्रमानं जाते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जमलेल्या आमच्या लिहिणाऱ्यांच्या गोतावळ्यात कोल्हापूर आहे, बेळगाव आहे, सिंधुदुर्ग आहे, एक जण थेट अमेरिकेत आहे. त्यातल्या कित्येकांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं पुस्तक येतंच. तुमचीही अशीच मंडळी असतील तर पुढचं कामी येईल.

आधी पुस्तक विकत घ्या

मैत्रीण म्हणणार, "पत्ता पाठव, प्रत पाठवते." नको म्हणा. मराठीत पहिलं पुस्तक काढताना बऱ्याचदा लेखकाचे स्वतःचे पैसे गेलेले असतात. पूर्ण खर्च केलेला नसला तरी शे-दोनशे प्रती स्वतः विकत घ्यायच्या बोलीवर पुस्तक निघालेलं असतं आणि त्या प्रतींची खोकी दिवाणाखाली पडलेली असतात. तिथून एक प्रत फुकट आणायची आणि वर तिची शिफारस करायची, तर आपल्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय फुकट प्रत मिळाली की चांगलंच बोलायचं एक ओझं डोक्यावर बसतं.

घेण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुझ्याकडून घेऊ, प्रकाशकाकडून घेऊ, की ऑनलाइन?" उत्तर दर वेळी वेगळं येतं. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढलेलं असेल तर थेट तिच्याकडून घेतलेलं तिला सगळ्यांत बरं पडतं, कारण ऑनलाइन दुकानाचं कमिशन कापून हातात फारसं उरत नाही. प्रकाशकानं खर्च केला असेल आणि तो रॉयल्टी देत असेल, तर प्रकाशकाकडची विक्री दिसणं तिच्या पुढच्या पुस्तकासाठी गरजेचं असतं. आणि दुकानातून मागितलं तर निदान दुकानदाराला नाव तरी कळतं. तिची प्रत आधीच तुमच्या घरी येऊन पडली असेल तर दुसरी विकत घ्या. तशाही दोन प्रती लागतातच. सही केलेली प्रत मी कुणाला देत नाही, आणि न देता शिफारस नुसती तोंडदेखली राहते.

वाचताना तिचा आवाज बंद करा

हे सगळ्यांत अवघड काम आहे, आणि इथेच जास्त वेळ द्यायला हवा.

शाळेतली मैत्रीण किंवा ऑफिसातला सहकारी पुस्तक लिहितो तेव्हा आपण त्याला चालताना, जेवताना, भांडताना पाहिलेलं असतं. ऑनलाइन मैत्रीण मुळात आपल्याला भेटलेली असते ती तिच्या लिहिण्यातून. तिची वाक्यं कुठे तुटतात, चिडली की ती किती छोटे मेसेज करते, रात्री एक वाजता सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल बोलताना व्हॉइस नोटमध्ये मागे पंख्याचा आवाज कसा येत होता, हे सगळं कानात असतं. पुस्तक उघडलं की तोच आवाज वाचायला लागतो. कागदावर नसलेलं आपण आपल्या पदरचं घालतो. जिथे वाक्य कोरडं आहे तिथे आपल्याला गहिवर ऐकू येतो. काकूंना तो ऐकू येणार नाही, कारण त्यांच्या हातात फक्त कागद आहे.

म्हणून पुस्तक हातात आलं त्या दिवशी मी ते वाचायला घेत नाही. फोटो काढून "पोचलं" एवढं कळवते आणि आठ-दहा दिवस बाजूला ठेवते. त्या काळात तिच्याशी पुस्तकाबद्दल बोलत नाही. मग पेन्सिल घेऊन बसते आणि समासात तीनच खुणा करते. जिथे मी वाचता वाचता फोन उचलला तिथे टिंब. जिथे कुकरची शिटी झाली तरी उठावंसं वाटलं नाही तिथे उभी रेघ. आणि जिथे एखादी गोष्ट मला कळली, पण ती तिनं मला आधी सांगितली होती म्हणून कळली, तिथे प्रश्नचिन्ह.

ही तिसरी खूण सगळ्यात कामाची. एका कथासंग्रहात "दोडामार्गची बस चुकली" असं एक वाक्य होतं आणि पुढच्या परिच्छेदात बाई रडत होती. मी हेलावून गेले. पेन्सिल टेकवताना लक्षात आलं की ती बस चुकणं म्हणजे काय हे मला माहीत होतं, कारण आईच्या शेवटच्या आजारात त्या बसचं काय झालं ते तिनं मला रात्री दोन वाजता सांगितलं होतं. कथेत त्यातलं अक्षरही नव्हतं. त्या एका कथेत अशी सहा प्रश्नचिन्हं निघाली. पुढची कथा मात्र एका रेघेवर सरळ गेली, एकही प्रश्नचिन्ह नाही. काकूंना संग्रह देताना मी सांगितलं, "दुसऱ्या कथेपासून वाचा, पहिली मागून वाचा."

मग एक परीक्षा. तिला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला मधलं कुठलंही एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडे हा माणूस म्हणजे माझे यजमान. ते पेपर सोडून काही वाचत नाहीत. संध्याकाळी ते कुलरमध्ये पाणी भरत असले की मी पान उघडते. त्यांनी "मग?" विचारलं तर पुस्तक पास. "हे कोण कोणाचं कोण आहे?" असं विचारलं तर पात्रांची गर्दी आहे, शिफारसीत तसं सांगावं लागेल. आणि "झालं का?" विचारलं तर ते पान माझ्याच मनानं वाचलं होतं असं समजायचं. एकाच पानावर अख्ख्या पुस्तकाचा निकाल लावू नये हे मान्य. दोन पानं वाचा.

कवितासंग्रहाची गोष्ट थोडी निराळी. त्यातल्या निम्म्या कविता आपण कच्च्या असताना पाहिलेल्या असतात, "तो शब्द बदल" असं कधी सुचवलेलंही असतं. त्या कविता ओलांडा. आधी न पाहिलेल्या कवितांवरून मत बनवा.

आणि पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा. मलपृष्ठ, अर्पणपत्रिका, मुद्रकाचं नाव, सगळं. दर सोळा पानांनी पृष्ठांक तपासायची मला आता सवयच लागली आहे.

सांगायचं की नाही?

सगळ्यांना सांगावं असं पुस्तक क्वचितच असतं. बहुतेक पुस्तकं कुणातरी एका-दोघांना सांगण्यासारखी असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. एका मित्राचं धरणात गेलेल्या गावाबद्दलचं पुस्तक मी फक्त एका माणसाला दिलं, कारण त्यांचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलेलं आहे. त्यांनी ते चार दिवसांत वाचलं आणि स्वतः पाच प्रती मागवल्या. तेच पुस्तक मी दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलं असतं तर चाळीस अंगठे मिळाले असते आणि प्रत एकही गेली नसती.

पुस्तक आवडलंच नाही तर? शिफारस करू नका. गप्प बसायचा आपल्याला हक्क आहे. मैत्रिणीशी खोटं बोलू नका, आणि लेखनाचे धडेही देऊ नका. छापून झालेल्या पुस्तकाचं ती आता काय करणार? एखादा खराच आवडलेला प्रसंग असेल तर त्याबद्दल नेमकं बोला. शुद्धलेखनाच्या आणि छपाईच्या चुका मात्र पानवार यादी करून खासगीत पाठवा. दुसरी आवृत्ती निघाली तर ती यादी सोन्यासारखी असते.

"ग्रुपवर चार ओळी टाक ना" असं तिनं स्वतःहून म्हटलं तर मी असं सांगते: "हे माझ्या ओळखीतल्या कुणाला द्यावं ते मला अजून सापडलं नाही. सापडलं की आधी त्यांना देते, मग लिहिते." हे खरंच असतं. एक मैत्रीण यावरून तीन महिने बोलली नाही, मग बोलू लागली. एक मात्र गेली ती गेलीच.

आणखी एक. "तू माझं लिही, मी तुझं लिहिते" या देवाणघेवाणीत पडू नका. दोन्ही शिफारसी एकाच आठवड्यात दिसल्या की वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

काय उघड करायचं ते तिला विचारा

ऑनलाइन ओळखीत हे फार विसरलं जातं. ती टोपणनावानं लिहीत असेल. ऑफिसात, सासरी कुणाला ती लिहिते हे माहीतच नसेल. आपण प्रेमानं "माझी मैत्रीण, अमुक बँकेत आहे, तमुक गावची" असं लिहून मोकळे होतो आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन येतो. म्हणून आधी तीन गोष्टी विचारा: कुठलं नाव वापरू, फोटो टाकू का, गाव सांगू का. कादंबरीतली कुठली पात्रं खऱ्या माणसांवरून आली हे आपल्याला ठाऊक असेल तर ते पोटातच ठेवायचं. तिनं परवानगी दिली तरी ठेवायचं.

लिहायचं कसं

त्या फर्मा हरवलेल्या कादंबरीबद्दल मी पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते अजून फोनमध्ये आहे:

"माझ्या गुणी मैत्रिणीची पहिलीच कादंबरी! ओघवती भाषा, मनाचा ठाव घेणारं कथानक, शेवट विचार करायला लावणारा. प्रत्येकानं संग्रही ठेवावं असं पुस्तक. नक्की वाचा!!"

सत्तर पानं वाचून शेवटाबद्दल लिहिलं होतं, हा निगरगट्टपणा बाजूला ठेवू. पण या ओळींनी पंचांगाचीही शिफारस करता येईल. त्यात पुस्तकाचं काहीच नाही, वाचणाऱ्याचंही नाही. आहे ती फक्त मैत्री.

बदलून मिळालेली प्रत पूर्ण वाचल्यावर पुन्हा लिहिलं ते असं:

"सासूच्या औषधांच्या वेळा टिपायची एक वही आहे. सून तिच्या मागच्या पानांवर स्वतःचा हिशेब लिहीत जाते, आणि निम्मी कादंबरी म्हणजे ती वही. रडकी नाही, दोन-तीन ठिकाणी चक्क हसू येतं. सुरुवातीची तीसेक पानं सावकाश जातात, नातेवाईक फार आहेत. संवाद कोल्हापुरी, आपल्याकडे दोन-चार शब्द अडतील. पानं १९२, किंमत २६० रुपये. ज्यांनी घरात कुणाचं लांबलेलं आजारपण काढलंय त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांच्या घरात ते सध्या चालू आहे त्यांनी थोडं थांबावं. लेखिका माझी मैत्रीण आहे, ओळख ऑनलाइन. पुस्तक मी विकत घेतलंय."

पहिल्या मजकुरावर कौतुक खूप झालं होतं. दुसऱ्यावर तिघांनी "कुठे मिळेल" असं विचारलं. शिफारस लागू पडली की नाही हे या एका प्रश्नावरून कळतं.

यातलं काय उपयोगी पडलं? सुरुवात वस्तूनं झाली, म्हणजे वहीनं. डोळ्यासमोर काहीतरी आलं. मग एक उणी बाजू सांगितली. उणं सांगितल्याशिवाय मैत्रिणीच्या पुस्तकाबद्दलचं चांगलं कुणी खरं मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुणी घेऊ नये तेही सांगितलं. गंमत म्हणजे "थोडं थांबावं" हे वाचूनच एकीनं पुस्तक मागवलं, तिच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पानं आणि किंमत लिहिली, कारण ती लोकांना हवीच असते आणि विचारायला संकोच वाटतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेव्हा छापलेली किंमत अधिक टपालखर्च, एवढाच हिशेब.

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. समाजमाध्यमांवर शिफारसी करणाऱ्यांसाठी जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, भेटवस्तू, फुकट मिळालेला माल असं काही असेल तर ते उघड सांगावं, असा त्यांचा रोख आहे. विभागाच्या सूचनांमध्ये कौटुंबिक आणि वैयक्तिक नातंही धरलेलं आहे. आपण काही मोठे इन्फ्लुएन्सर नाही, पण चाल चांगली आहे. आणि मैत्री लपवली तरी कळतेच, नंतर कळली की जास्त वाईट दिसतं.

याच कारणानं ऑनलाइन दुकानांवर तारे द्यायच्या भानगडीत पडू नका. अॅमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रमैत्रिणींनी ग्राहक म्हणून अभिप्राय लिहिलेला चालत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. तिथे काकूंसारख्यांना लिहू द्या, ज्यांनी लेखिकेचं तोंडही पाहिलेलं नाही.

उताऱ्यांचं थोडक्यात. समीक्षेसाठी किंवा परिचयासाठी पुस्तकातला उतारा देण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कादंबरीतून पाच-सहा ओळी घेतल्या तर प्रश्न नाही. पण आठ ओळींची कविता अख्खी टाकणं म्हणजे उतारा देणं नव्हे, विचारून घ्या. आणि पीडीएफ? "आहे का गं पीडीएफ?" या प्रश्नाचं उत्तर एकच: नाही. मैत्रिणीनं विश्वासानं कच्च्या वाचनासाठी पाठवलेली फाइल पुढे गेली तर ती आपल्या फोनमधून गेलेली असते. पुस्तक आलं की मी ती फाइल पुसून टाकते आणि पुसल्याचं तिला कळवते.

नागपुरात कुठे कुठे नेता येतं

सगळ्यांत आधी एका माणसाकडे. नाव ठरवा, प्रत हातात द्या, आणि देताना पान उघडून द्या. ही गोष्ट मी दीक्षाभूमीवर शिकले. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे धम्मदीक्षा झाली, आणि दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तसा पुस्तकबाजार मी दुसरीकडे पाहिला नाही. खेड्यापाड्यातून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तिथल्या एका स्टॉलवर मी बराच वेळ उभी होते. विकणारे भाऊ पुस्तकाचं गुणगान करतच नव्हते. गिऱ्हाईक थांबलं की ते एक पुस्तक मधोमध उघडायचे आणि तसंच त्याच्या हातात द्यायचे. माणूस उभ्या उभ्या अर्धं पान वाचायचा. मग किंमत विचारायचा. तेव्हापासून मी पुस्तक मिटलेलं देत नाही. ज्या पानाच्या समासात लांब उभी रेघ आहे ते पान उघडून देते.

दुसरं ठिकाण वाचनालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तक खरेदीवर जातो. तुम्ही सभासद असाल तर मागणी नोंदवा. "माझ्या मैत्रिणीचं पुस्तक आहे, ठेवा ना" असं म्हणू नका. एका चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि पुस्तक कुठून मिळेल ते लिहून द्या. ग्रंथपालांना बिल लागतं. घरगुती विक्री करणारी मैत्रीण रीतसर बिल देऊ शकते का हे आधी विचारून ठेवा, नाहीतर तिथेच घोडं अडतं. आयएसबीएन तेरा आकडी असतो, भारतातला ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. भेट म्हणून प्रत दिलीत तर ती दाखल करून घेतील, पण कपाटात जाईल. दोन सभासदांनी मागितलेलं पुस्तक टेबलावर राहतं.

परीक्षणासाठी नियतकालिकांकडे प्रत पाठवायची तर ते काम लेखिकेचं किंवा प्रकाशकाचं. आपण फक्त पत्ता आणि रीत सांगायची: बहुतेक ठिकाणी दोन प्रती, सोबत छोटं पत्र, आणि मग निमूट वाट पाहणं. विदर्भातल्या लिहिणाऱ्यांना विदर्भ साहित्य संघ ठाऊकच असतो. १९२३ ची संस्था, 'युगवाणी' हे तिचं मुखपत्र. पण बेळगावच्या किंवा सिंधुदुर्गातल्या मैत्रिणीला झाशी राणी चौकातल्या त्या संकुलाबद्दल कोण सांगणार? ते आपण सांगायचं.

अपार्टमेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुस्तक टाकू नका. तिथे पाण्याची मोटर आणि पार्किंग चालतं. त्यात पुस्तक बुडतं.

पुस्तक पाठवायचं असेल तर

जुनं बुकपोस्ट आता विसरा. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून घाई असेल तर उपयोग नाही, पण ट्रॅक करता येतं. ही सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांसाठी आहे आणि जाहिरातबाजीचा मजकूर चालत नाही. तेव्हा पाकीट चिकटवण्याआधी खिडकीवर पुस्तक दाखवून विचारा. दोनशे पानांचं साधं पुस्तक ३०० ग्रॅमच्या आतबाहेरच असतं. जाड पुठ्ठ्यात गुंडाळलं की काटा पुढे सरकतो. मी आधी पातळ प्लास्टिक, मग खाकी कागद एवढंच घालते. पावसाळ्यात प्लास्टिक विसरू नका.

मैत्रीण नागपूरला आली तर

फर्मा हरवलेल्या कादंबरीची लेखिका, कोल्हापूरची माझी मैत्रीण, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एक अख्खा दिवस आणि वर काही तास प्रवास करून जानेवारीत आली. मी पहिल्यांदा तिला पाहिलं ते स्टेशनवर. आवाज तोच, उंची मात्र मी मनात धरली होती त्याहून कितीतरी कमी. आम्ही दोघी जरा वेळ अवघडूनच उभ्या होतो.

अशा वेळी हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, अध्यक्ष यांच्या नादी लागू नका. खर्च होतो, भाषणं होतात, आणि लेखिकेला बोलायला शेवटची सात मिनिटं मिळतात. गच्चीवर किंवा दिवाणखान्यात बारा-पंधरा माणसं बोलवा. त्यातल्या निदान चौघांनी पुस्तक आधी वाचलेलं असलं पाहिजे, ती प्रत तुम्हीच फिरवलेली असली पाहिजे. वेळ सकाळची ठेवा, थंडीत ऊन्ह बरं वाटतं आणि तर्री-पोह्यांवर भागतं. (पाहुणी कोल्हापूरची असेल तर तर्री तिखट आहे अशी सूचना द्यायची गरज नाही. तिनं वरून आणखी मागून घेतली.) वाचन दहा मिनिटांच्या वर नको, त्यातही एकच सलग प्रसंग. उरलेला वेळ प्रश्न. विक्रीच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर, बाजूला क्यूआर कोड आणि किंमतीची चिठ्ठी. "घ्या ना" असं कुणालाही म्हणायचं नाही. आमच्याकडे चौदा माणसं होती, अकरा प्रती गेल्या.

त्यात काकूंनी दोन घेतल्या. सदोष प्रतीच्या बदल्यात त्यांना नवी आधीच मिळाली होती, पण त्यांना बहिणींना द्यायच्या होत्या.

नंतर

वाचणाऱ्यांनी जे म्हटलं ते लेखिकेपर्यंत जसंच्या तसं पोचवा. "सगळ्यांना आवडलं" हा निरोप कुचकामी आहे. कोणी काय म्हटलं, कुठल्या पानाबद्दल म्हटलं, त्यांच्याच शब्दांत. तक्रार असेल तर तीही, आपण तिची धार न घालवता. ऑनलाइन लिहिणाऱ्यांना अंगठे आणि बदाम ढिगानं मिळतात, पण अनोळखी माणसानं पूर्ण वाचून केलेली तक्रार त्यांच्या वाट्याला फार कमी येते. मी त्यासाठी एक छोटी वही ठेवली आहे: प्रत कुणाकडे गेली, कधी गेली, परत आली का, काय म्हणाले. परत न आलेल्या प्रतींचा रकाना मोठा आहे. तिथे मी पाठपुरावा करत नाही.

काकूंच्या नावापुढे त्या वहीत एकच ओळ आहे. कादंबरी पूर्ण वाचून झाल्यावर त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "सगळं बरोबर आहे, पण शेवटी त्या पोरीनं सासूले माफ कायले केलं? मी नसतं केलं." मी ते तसंच्या तसं टाइप करून कोल्हापूरला पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या, आणि बराच वेळ काहीच आलं नाही. मग सव्वाचार मिनिटांची व्हॉइस नोट आली. सुरुवातीला पंख्याचा आवाज होता, आणि मग ती म्हणाली, "काकूंना विचार, एकशे चौदाव्या पानावरचं वाक्य पुन्हा वाचतील का?"

काकूंनी चष्मा लावला आणि पुस्तक मागितलं.